दोन भाषांची अट, बाहेरगावचे कामगार आणि नागपूरच्या मुलाची पहिली नोकरी

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. मुलगा मराठी माध्यमातून शिकला, बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं. मुलाखतीला जातो तिथून 'इंग्रजी आणि हिंदी अस्खलित पाहिजे' म्हणून परत पाठवतात. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत चौकशी केली, तर कामावर सगळी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशची माणसं. तेव्हा आमच्या मुलांनी जायचं कुठे, आणि दोष कोणाचा, भाषेच्या अटीचा की बाहेरून येणाऱ्यांचा, असं तुम्ही विचारलंत.

मी बावीस वर्षं नागपुरात नोकरभरतीशी संबंधित काम करते आहे. सुरुवातीची पाच वर्षं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रकं माझ्याकडे असत. नंतर स्वतःचं काम सुरू केलं. कंपन्या, दवाखाने, वितरक माझ्याकडे माणसं मागतात, मी मुलं-मुली पाठवते आणि पुढचे तीन महिने त्यांची चौकशी ठेवते. कोण टिकलं, कोण का सोडून गेलं, हे त्या तीन महिन्यांत कळतं. जे सांगते आहे ते तिथून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. मुलाला भाषेवरून नाकारलं त्या नोकऱ्या काउंटरच्या, फोनच्या, बिलिंगच्या. त्याच्याऐवजी तिथे बिहारमधल्या सिवानचा किंवा मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा मुलगा बसलेला नाही. तिथे बसलाय धरमपेठेतला नाहीतर सदरमधला, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला आपल्या नागपूरचाच मुलगा. आणि लोडिंग, पॅकिंग, फाउंड्री, बांधकाम इथे जी बाहेरगावची माणसं तुम्हाला दिसली, त्यांना कोणी इंग्रजी विचारलेलं नाही. त्यांना ठेकेदारानं आणलंय आणि ठेकेदार भाषा बघत नाही, वेगळंच काही बघतो. त्याच्याकडे पुढे येते. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत, तर तुम्ही रागावाल एकावर आणि मुलाची नोकरी अडलेली असेल दुसऱ्यापाशी.

आधी भाषेचं. जाहिरातीतला 'अस्खलित' हा शब्द येतो कुठून, ते मी अनेकदा जवळून पाहिलंय. कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईला नाहीतर गुरुग्रामला असतं. तिथून सगळ्या देशासाठी एकच मजकूर येतो आणि नागपूरच्या शाखेत तसाच लागतो. किंवा मालक जुनीच जाहिरात पुन्हा देतो. मग एका जागेसाठी दीडशे बायोडाटा येतात. ते वाचायला कोणाला वेळ नसतो, तेव्हा इंग्रजी ही सगळ्यांत सोपी चाळणी ठरते. दोन मिनिटं इंग्रजीत बोलायला लावलं की निम्मी मुलं गळतात आणि ऑफिसचं काम हलकं होतं. त्या जागेवरच्या कामाला ती भाषा लागते का, हा प्रश्न कुठेच आलेला नसतो.

म्हणून मी प्रत्येक मालकाला एकच गोष्ट विचारते. हा मुलगा पहिल्या महिन्यात कोणाकोणाशी बोलणार, आणि काय काय लिहिणार? वाडीतल्या एका स्पेअर पार्ट्सच्या वितरकाला फोनवर इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. मी विचारलं, फोन कुठे करायचे? अमरावती, वणी, पुसद, आर्णी इथल्या दुकानदारांना. लिहायचं काय? टॅलीत बिलं आणि कंपनीला दिवसातून एक-दोन ठरावीक ईमेल. म्हणजे बोलायला मराठी, थोडी हिंदी, वाचायला इंग्रजी, लिहायला चार-पाच साचेबद्ध वाक्यं. मी काटोलची मराठी माध्यमातली मुलगी पाठवली आणि पंधरा दिवसांची ट्रायल मागितली. पुसदचा दुकानदार उधारीसाठी टाळाटाळ करत होता. तिनं त्याच्याशी अशा गोडीनं बोलून वसुली केली, की मालकानं ट्रायल संपायच्या आधीच जॉइनिंग दिलं. ते इंग्रजीत होणारं काम नव्हतंच.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिथे माझी चूक झाली होती. मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी भागात, परदेशी ग्राहकांना संगणकाची मदत देणारी रात्रपाळीची नोकरी होती. मला वाटलं हीसुद्धा चाळणीच असेल, आणि मी एका हुशार मुलाला धीर देऊन पाठवलं. तिथे इंग्रजी खरोखर लागत होतं, तेही समोरच्याचा उच्चार पहिल्यांदाच कळेल इतकं. मुलगा तीन रात्री हेडफोन लावून गप्प बसला आणि चौथ्या दिवशी गेला नाही. त्यानंतर सहा महिने तो कुठल्याच मुलाखतीला गेला नाही. त्याचा आत्मविश्वास मी घालवला, हे मला आजही बोचतं. तेव्हापासून मालक 'इंग्रजी हवं' म्हणाला की ती अट खोटी असेल असं मी गृहीत धरत नाही. विचारून घेते.

या दोन टोकांच्या मध्ये नागपूरच्या बऱ्याचशा नोकऱ्या येतात, आणि तिथे तुमच्या मुलाजवळ आहे ते दुसऱ्यांजवळ नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही मोठ्या दवाखान्याच्या काउंटरजवळ अर्धा तास उभे राहून बघा. छिंदवाडा, शिवनी, बैतूलहून आलेला रुग्ण हिंदी बोलतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याचा मराठी बोलतो, तीही आपल्या बाजूची. फाइल आणि बिल इंग्रजीत. तिथे कॉन्व्हेंटची मुलगी इंग्रजी छान बोलते, पण देसाईगंजहून आलेल्या म्हातारीला 'उपाशीपोटी या' हे समजावताना अडते. खरी दुभाषिक नोकरी ही आहे. यातल्या दोन भाषा तुमच्या मुलाला येतातच. तो घरी मराठी बोलतो, चौकात मित्रांशी हिंदी बोलतो. मुलाखतीत हिंदी बोलताना मात्र 'मेरे को' निघेल म्हणून घाबरतो. आपली नागपुरी हिंदी कामाला पुरते, रुग्णाला ती कळते. त्याला फक्त फॉर्म, बिल आणि ईमेलचं इंग्रजी शिकायचंय, आणि ते रोज तासभर बसलं तर तीन-चार महिन्यांत येतं. फाडफाड बोलायच्या क्लासला वीस-पंचवीस हजार भरू नका. तेवढ्यात टॅली आणि एक्सेल नीट होतं.

नागपूरला दोन भाषा नव्या नाहीत. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. सरकारी कारभार हिंदी आणि मराठी दोन्ही माणसांशी चालायचा. इथून ७० किलोमीटरच्या आसपास असलेलं सौंसर मध्य प्रदेशात गेलं, पण घराघरांत मराठी राहिली. सौंसरचा मुलगा हिंगण्याला कामाला येतो तेव्हा कागदावर तो परराज्यातला असतो आणि बोलतो तुमच्या-माझ्यासारखं. 'बाहेरचा' कोण, हे नागपुरात ठरवायला बसलं की असं होतं.

आता कारखान्यांकडे. ठेकेदार भाषा बघत नाही, मग काय बघतो? रात्री अकराला सुटलेला माणूस सकाळी सातला पुन्हा उभा राहील का, हे बघतो. सणासुदीला, लग्नकार्याला, भावाच्या साखरपुड्याला सुटी मागणार नाही, हे बघतो. बाहेरगावचा मुलगा कारखान्याच्या फाटकापासून दहा मिनिटांवर एका खोलीत सहा-सात जणांसोबत राहतो. खोली ठेकेदाराची, मेस ठेकेदाराची, बऱ्याचदा गावाहून निघताना घेतलेली उचलही ठेकेदाराचीच. तो छठला नाहीतर होळीला एकदम महिनाभर जातो. मधल्या काळात त्याला दुसरीकडे जायची सोय नसते. ठेकेदाराला याची किंमत असते.

हे मला २०२० साली नीट कळलं. टाळेबंदीत ती माणसं पायी, ट्रकनं आपापल्या गावी गेली. नागपूरवरून जाणारे ते जत्थे तुम्हीही पाहिले असतील. जूनमध्ये कारखाने सुरू झाले आणि जे मालक मला कधी ओळखही देत नव्हते त्यांचे फोन यायला लागले, 'मॅडम, लोकल मुलं द्या, कोणतीही चालतील.' मी शहरातून आणि उमरेड, कुहीकडून मुलं पाठवली. बुटीबोरीच्या एका कारखान्यात दिलेली बहुतेक दोन महिन्यांत परत आली. लोक म्हणाले, बघा, आपल्या पोट्ट्यांना काम नको. मी एकेकाला विचारलं. एकजण म्हणाला, "काम जड नाही जी मॅडम. पण अकरा वाजता सुट्टी होते, मग घरी येऊ कसा?" शहरापासून तीस-एक किलोमीटर, रात्री बस नाही, पेट्रोल स्वतःचं. महिन्याचा पेट्रोलचा खर्च वजा केला तर हातात उरत होतं ते इतवारीतल्या दुकानातल्या पगाराएवढंच, आणि दुकान घराजवळ. हिशेब त्या मुलांचा बरोबर होता. त्याच भागातल्या दुसऱ्या एका कारखान्यानं अजनी चौकातून गाडी सुरू केली. तिथे दिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त वर्षभर टिकली. कामही तेच, पगारही जवळपास तोच. मेट्रो खापरीला थांबते, पुढचं अंतर माणसानं कसं कापायचं याचं उत्तर आजही प्रत्येक कारखान्यापाशी वेगळं आहे.

म्हणून बाहेरची माणसं आली नाहीत तर आमच्या मुलांना काम मिळेल का, या प्रश्नाला माझं उत्तर 'काही ठिकाणी हो, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही' असं आहे. एक गोष्ट मात्र ठाम सांगते. काही ठेकेदार बाहेरगावच्या माणसाला बारा तास राबवून आठ तासांची हजेरी लावतात, ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर असताना साधा दर देतात, पीएफ कापतात आणि भरत नाहीत. अशा ठेकेदारामुळे स्थानिक मुलाचं नुकसान नक्की होतं, कारण जो मालक सगळे नियम पाळतो त्याला त्याच्याशी दरात टिकता येत नाही. पण त्यात लुबाडला जाणारा पहिला माणूस तो बिहारचा मुलगाच असतो. मी टाइम ऑफिसात असताना ही पगारपत्रकं हाताळली आहेत. खालच्या पायरीचा दर वाढायचा असेल तर त्याचा पीएफ आणि ओव्हरटाइम नीट मिळाला पाहिजे, तुमच्या मुलासाठीही.

या प्रश्नावर जगात पुष्कळ भांडण झालंय. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाखाच्या आसपास माणसं काही महिन्यांत अमेरिकेला आली आणि बरीचशी मायामीत राहिली. त्या शहरातले कामगार जवळपास ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञानं १९९० मध्ये आकडे तपासून दाखवलं, की तिथल्या कमी शिकलेल्या स्थानिकांच्या पगारावर किंवा बेकारीवर जवळजवळ परिणाम झाला नव्हता. त्यांना २०२१ साली नोबेल मिळालं. जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि ज्यांनी शाळाही पूर्ण केली नव्हती अशा पुरुषांचे पगार बरेच पडले, असं म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही. भाषेचीही तिथे आपल्यासारखीच तक्रार होती, की दुकानात नोकरी हवी तर स्पॅनिश यावं लागतं. त्याच १९८० साली तिथल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, मतदारांनी सरकारी कामात इंग्रजीच चालेल असा नियम करून टाकला. तो १९९३ मध्ये रद्द झाला. दुकानदाराला मात्र ग्राहकाच्या भाषेत बोलणारा माणूस लागतच राहिला. हे मी सांगते कारण बोर्हास यांच्या म्हणण्यातही धक्का बसला तो सगळ्यांत कमी शिकलेल्यांना. तुमचा मुलगा त्या पायरीवर नाही. बी.कॉम. असून तो हमालीच्या रांगेत उभा राहिला तर मात्र तो स्वतःहून त्या पायरीवर जाईल.

तुम्ही ८० टक्क्यांच्या नियमाबद्दलही विचारलंत. राज्याच्या उद्योग खात्याचा तसा नियम जुना आहे: सवलती घेणाऱ्या उद्योगांत पर्यवेक्षकाच्या जागांवर ५० टक्के आणि बाकीच्या जागांवर ८० टक्के स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला. पर्यवेक्षकाच्या जागांसाठी त्याचा आधार घेता येतो. खालच्या कामाबाबत माझा अनुभव असा, की कंपनीच्या स्वतःच्या पटावर आकडा बरोबर दिसतो आणि ठेकेदाराच्या पटाकडे फारसं कोणी पाहत नाही. हरियाणानं ३० हजारांच्या आतल्या पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदाच केला होता. तो तिथल्या उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये रद्द केला. देशात कुठेही राहण्याचा, काम करण्याचा हक्क घटनेनं दिलाय. त्याच हक्कावर आपली विदर्भातली हजारो मुलं चाकण-हिंजवडीला गेली आहेत, आणि तिथेही त्यांच्या वैदर्भी 'करून राहिलो'ला हसणारे भेटतात.

आता तुमच्या मुलाचं. हे सगळं त्याच्याजवळ दुचाकी आणि लायसन्स आहे का, घरातून दूर राहायची तयारी आहे का, आणि तुम्ही कोणत्या भागात राहता, यावर बदलेल. तरी तुम्ही सांगितलं त्यावरून माझा पहिला कल कारखान्याच्या टाइम ऑफिसकडे किंवा डिस्पॅचकडे, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाकडे, जातो. विचार करा, फाटकाच्या आत दोनशे हिंदी बोलणारे कामगार आहेत. त्यांची हजेरी, रजा, पीएफचे फॉर्म, अपघात झाला तर ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा दवाखाना. फाटकाच्या बाहेर ग्रामपंचायत, तलाठी, वीज कंपनी, पोलीस ठाणं, सगळं मराठीत. मध्ये एक्सेल इंग्रजीत. या जागेवर गुरुग्रामचा माणूस टिकत नाही आणि बालाघाटचा मुलगा मराठी कागदावर अडतो. ही जागा बाहेरगावची माणसं आल्यामुळेच तयार झालेली आहे, आणि ती आपल्या मुलांना मिळू शकते. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली. ही दिवसपाळी असते, म्हणून रात्रीच्या बसचा प्रश्न येत नाही. मेट्रोच्या लोकमान्य नगर मार्गाजवळ राहत असाल तर हिंगणा सोपं जाईल.

दुसरं, अप्रेंटिसशिप. आयटीआयवाल्यांसाठीच असते असा समज आहे, पण पदवीधरालाही मिळते. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून थेट कंपनीच्या एचआरला ते दाखवा. विद्यावेतन कमी असतं, पण वर्षभराचं अनुभवपत्र हातात आलं की इंग्रजीची चाळणी बरीच सैल होते, कारण मग ते पहिल्यांदा कामाबद्दल विचारतात.

तिसरं बँकेचं, आणि इथे मराठी माध्यम ओझं नसून कागदोपत्री फायदा आहे. स्टेट बँकेच्या क्लार्कच्या भरतीत, आणि बाकी सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्याही, त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता आली पाहिजे अशी अट आहे. स्टेट बँकेत दहावी किंवा बारावीच्या गुणपत्रिकेवर मराठी विषय असेल तर भाषेची वेगळी चाचणीही द्यावी लागत नाही. ग्रामीण बँकांची परीक्षा २०१९ पासून मराठीतूनही देता येते. टपाल खात्याच्या ग्रामीण डाक सेवक भरतीत दहावीपर्यंत स्थानिक भाषा शिकलेली असणं लागतं. ही दुभाषिकाची अट आपल्या बाजूनं आहे. फक्त या परीक्षांसाठी घरी बसून दोन वर्षं काढू नका. नोकरी करत अभ्यास केलेली मुलं मी पास होताना पाहिली आहेत. सहा-सात वर्षं अभ्यासच करत राहिलेली मुलं माझ्याकडे तिशीत येतात, तेव्हा त्यांना बसवायला माझ्याजवळ जागा उरलेली नसते.

फायनान्स कंपन्यांच्या फील्डच्या नोकऱ्याही आहेत: यवतमाळ, वर्धा, वणी भागात ट्रॅक्टरचं, दुचाकीचं कर्ज, हप्ते. तिथे मराठी नसेल तर कामच होत नाही. उन्हातलं काम आहे, वसुलीचा ताणही असतो. त्यामुळे मुलाचा स्वभाव बघून ठरवा, मी आग्रह करणार नाही.

पुढच्या मुलाखतीला तो जाईल तेव्हा त्याला एवढं करायला सांगा. 'इंग्रजी येतं का' असं विचारलं तर मान खाली घालून 'थोडं थोडं' म्हणू नये. 'ईमेल वाचतो, बिल करतो, एक्सेल येतं, ग्राहकाशी मराठी आणि हिंदीत बोलतो. या कामात मला कोणाशी बोलावं लागेल?' असं शांतपणे विचारावं. उत्तर ऐकून त्यालाच कळेल, की अट कामाची आहे की चाळणीची. बुटीबोरीची ऑफर आली, तर पगाराआधी शिफ्ट आणि गाडी विचारा. नंतर पीएफ, ईएसआय कापून हातात किती येतात ते लेखी घ्या. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं आणि त्यात मुलाचे ०.७५ टक्के कापले जातात. कोणी त्याहून जास्त कापत असेल तर विचारा कशाचे. आणि पहिला पगार झाल्यावर महिनाभरात पीएफच्या पासबुकात रक्कम जमा झाली का, ते मोबाइलवर त्याच्यासोबत बसून बघा.